गाडीत शब्द रोहिणीबाईंचा

काकासाहेबांनी तेवीस वर्षं एसटी चालवली होती. गाडी ड्रायव्हरची, कंडक्टरनं फक्त तिकिटं द्यावीत, अशी त्यांची समजूत. त्यामुळे पाथर्डी डेपोत रोहिणी कंडक्टर म्हणून त्यांच्या गाडीवर आली तेव्हा त्यांनी तिला फारसं मोजलं नाही. ऊसतोड मजुरांची लेक. साखर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत वाढलेली, नेटानं शिकून एसटीत लागलेली. बोलणं कमी.

सप्टेंबरात पावसानं तालुका झोडपून काढला. एका सकाळी गाडी ओढ्याच्या फरशीपुलाशी आली, तर पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं.

"गुडघाभर बी न्हाई. काढतो," काकासाहेब म्हणाले.

"नको काका. खालची फरशी दिसत न्हाई. गाडी मागं घ्या," रोहिणी म्हणाली.

लोक कुरकुरायला लागले. तेवढ्यात एक जीप पाणी उडवत पलीकडे गेलीसुद्धा. मागच्या सीटवरून म्हातारी साळूबाई उठली. "बाई, माझ्या नातीचा नर्सिंगचा पेपर हाय अकराला. पाया पडते तुमच्या." शेजारी नात, निकिता, ओठ दाबून बसली होती.

रोहिणीनं पाण्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "आजी, गाडीत अडतीस मानसं हायेत. पान्यात न्हाई घालता येनार."

काकासाहेब धुमसले, पण कंडक्टरनं घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. लांबच्या रस्त्यानं पाथर्डी गाठेपर्यंत पावणेबारा झाले. निकिताला पेपरला बसू दिलं नाही. साळूबाईनं भर स्टँडवर रोहिणीला नको नको ते सुनावलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर काकासाहेब मोटारसायकलवरून पूल बघून आले. फरशीखालचा भराव पार वाहून गेला होता. जीप हलकी म्हणून निभावली. बस गेली असती तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

ते डेपोत आले तर रोहिणी रजेवर. गाडी उशिरा पोचल्याचा डेपोचा दाखला घेऊन ती निकिताच्या कॉलेजात गेली होती. दोन दिवस प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून राहिली. पेपर पुन्हा घ्यायचं कबूल झालं तेव्हाच उठली.

"तुमी कशाला गेलात? तुमची काय चूक हुती?" ती कामावर परतल्यावर काकासाहेबांनी विचारलं.

"गाडी मी थांबवली ना, काका. मग त्या पोरीचं वर्ष कसं वाचंल ते बी मीच बघायला पायजे."

काकासाहेबांनी कँटीनवाल्याला दोन चहा सांगितले आणि पहिला कप तिच्यापुढे सरकवला.