चौथ्या पायाचे आटे

दुकानातले तयार स्टँड मला पसंत पडेनात. प्लायवूडचे, दिसायला गोंडस, पण माशांची तीन फुटांची टाकी भरली की वजन दीडशे किलोच्या वर जातं, आणि प्लायवूडला ओल लागली की ते फुगतं. म्हणून कोपरला स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या एका वेल्डरकडे लोखंडी अँगलचा स्टँड करायला टाकला. माणूस तिथलाच, जुन्या गावातला. माप घ्यायला घरी आला, हॉलचा खिडकीजवळचा कोपरा बघितला, उकिडवा बसून लादीवर हात फिरवला आणि म्हणाला, "पायांना बोल्ट लावतो."

"ते कशाला?"

"वर-खाली करायला. ही सगली खाजणाची जागा, भाऊ. हितं माझा बाप मीठ काढायचा. आज सरल हाय, उद्या नसंल. तुमचं मासं घसरगुंडी खेलतील."

बायको खूप हसली. मीही हसलो.

स्टँड उत्तम झाला. चारही पायांखाली दीड इंची बोल्ट, प्रत्येकाचे दोनच आटे बाहेर. वर थर्माकोल, त्यावर टाकी. वेल्डरने पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला आणि सांगितलं, पाणी भरलंत की काचेवर पाण्याच्या रेषेत रेघ मारून ठेवा. मी काळ्या मार्करने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली.

पहिलं वर्ष काही नाही. मग एका रविवारी दुपारी आटलेलं पाणी भरताना दिसलं की डावीकडे पाणी रेघेला टेकलंय आणि खिडकीकडे रेघ पाण्याखाली गेलीय. तांदळाच्या दाण्याएवढी. मी पाना घेतला, खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या चौथ्या पायाचा बोल्ट अर्धा आटा फिरवला. पाणी रेघेवर आलं. दोन महिन्यांनी परत अर्धा. मग पुरता एक.

वेल्डरला फोन करून झापलं. "तुझा स्टँड बसला."

तो आला. स्टँडला दोन्ही बाजूंनी टेप लावली. मग पाणसळ स्टँडवरून काढून लादीवर ठेवली आणि बुडबुड्याकडे बराच वेळ बघत बसला. बायकोने चहा आणला, तो त्याने घेतला नाही. "माझा स्टँड होता तसाच हाय," म्हणाला. "सोसायटीला सांगा." आणि पाणसळ पिशवीत घालून गेला.

त्यानंतर घर मला निराळंच दिसायला लागलं. कॅलेंडर खिळ्यावर सरळ लोंबायचं, पण भिंतीच्या कडेची आणि त्याची फट वर कमी, खाली जास्त. बेडरूमचं दार लोटून ठेवलं की थोड्या वेळाने आवाज न करता पुरतं उघडायचं, कुणीतरी बाहेर येऊन थांबल्यासारखं. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने दारं तासून घेतली होती आणि प्रत्येकजण आपापल्या सुताराला शिव्या घालायचा. दुपारी घरात एकटा असलो की फिल्टरची घरघर, आणि मासे स्वस्थ. मला वाटायचं, या घरात सरळ म्हणावं असं हे एवढं पाणीच उरलंय. आपण सगळे त्याच्याभोवती तिरके बसलोय.

सोसायटीला मी सांगितलं नाही. आमचं ठाण्याला घर बघणं चालू होतं. हे कारण मी आजवर कुणालाच दिलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

घराला गिऱ्हाईक म्हणून एक शिक्षिका आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई. दोघीच राहणार होत्या. त्या यायच्या अर्धा तास आधी मी पाना घेऊन स्टँडखाली वाकलो आणि पाणी रेघेवर आणून ठेवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मला काही विचारू नका," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सासूबाई टाकीसमोरून हलेचनात. बाईंनी विचारलं, "काका, ही ठेवून जाता का? आईंना दिवसभर विरंगुळा होईल." मी टाकी दिली, स्टँड दिला, पानाही दिला. आणि त्यांना शिकवलं. "पाणी कधी तिरकं वाटलं तर हा कोपऱ्यातला बोल्ट थोडा फिरवायचा. लोखंडी स्टँड असे बसतात."

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. आधी ठरवलेलं नव्हतं.

ठाण्याच्या घरात आम्ही मासे ठेवले नाहीत. पण मला सवय लागली. चहाचा कप टेबलावर ठेवला की आधी कडेने बघायचं, चहा सरळ आहे ना. बायको ते बघायची आणि दुसरीकडे मान वळवायची.

तीन वर्षांनी बाईंचा फोन आला. आवाजात संकोच. "काका, तो बोल्ट आता फिरतच नाही. संपलाय का हो? लांब बोल्ट कुठे मिळेल?"

मी म्हणालो, मी घेऊन येतो. खरंच, तेवढंच म्हणालो.

शीळफाट्यावरून बसने गेलो, आधी वेल्डरकडे. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या. मला ओळखलं, कशाला आलो तेही ओळखलं. डब्यातून चार इंची बोल्ट काढून हातात दिला. "किती लांब पायजे तेवढा देतो, भाऊ. त्यांना सांगितलंय का पण?"

मी बोल्ट खिशात टाकला. बाहेर ऊन असून तो खिशात गार लागत होता.

घरात शिरलो तेव्हा मला पहिल्या पावलालाच कळलं. पाय खिडकीकडे ओढला गेला. बाईंना काहीच जाणवत नव्हतं, त्या हळूहळू त्यात मुरल्या होत्या. टाकीतलं पाणी नेमकं माझ्या काळ्या रेघेवर होतं. मी वाकून बघितलं. तीन पायांचे दोन-दोन आटे बाहेर. चौथ्याचे सगळेच.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आठवणीने फिरवते," बाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तसंच."

सासूबाईंची कॉट त्यांनी टाकीच्या शेजारीच लावली होती. त्याच कोपऱ्यात.

सासूबाई मला म्हणाल्या, "या. तुमचे मासे बघा, कसे पोसलेत. माझंच काही खरं नाही. सकाळी जाग येते तेव्हा मी भिंतीला चिकटलेली असते. कुणीतरी लोटल्यासारखी."

"आईंना चक्कर येते," बाई हसून म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात वयामुळे. मी त्यांना पाणी दाखवते, बघा, सरळ आहे की नाही?"

"पाणी सरळ आहे गं. म्हणूनच तर भीती वाटते. म्हणजे मीच गेले कामातून."

माझा हात खिशात बोल्टवर होता. तो लावून दिला असता तर आणखी दोन-अडीच वर्षं निघाली असती. ते मी मनात मोजलं, हेही लिहायला हवं. मग बोल्ट काढून टीपॉयवर ठेवला. तो घरंगळत खिडकीकडे गेला, जमिनीवर पडला आणि कॉटखाली जाऊन भिंतीला लागला.

"स्टँडला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "जमीन खचतेय. मी होतो तेव्हापासून. मला माहीत होतं. तुम्ही घर बघायला आलात त्या दिवशी मी पाणी सरळ करून ठेवलं होतं."

बाईंनी कॉटखाली गेलेल्या बोल्टकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणि मग ते काम मला शिकवून गेलात."

त्यांनी पाना उचलला, जमिनीवर बसल्या आणि चौथा बोल्ट उलटा फिरवायला लागल्या. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "हात लावू नका." एकेक आटा आत जात होता. पाणी रेघेवरून सुटलं. खिडकीकडे चढत गेलं, डावीकडे उतरत गेलं, दोन बोटांच्या वर फरक पडला. मासे तसेच फिरत होते.

सासूबाई कॉटवर उठून बसल्या होत्या. एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा आपल्या पायांकडे.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बरोबर दिसतंय."

बाईंनी तिथूनच कल्याणच्या भावाला फोन लावला, गाडी घेऊन ये म्हणून. ती येईपर्यंत सासूबाईंना आम्ही डावीकडच्या भिंतीशी खुर्चीत बसवलं. नंतर सोसायटीने इंजिनियर आणला, खालच्या मजल्याला टेकू लागले, आणि एकेक करत बिल्डिंग रिकामी झाली. बाईंनी मला परत फोन केला नाही. मीही केला नाही.

त्या दुपारी निघताना मी दारापाशी थांबलो होतो. सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही राहायचात तेव्हा कॉट कुठे होती हो तुमची?"

"आतल्या खोलीत," मी म्हणालो. "खिडकीपासून लांब, या बाजूला."