डोळे दिलेली फौज

मी आणि माझा मित्र रोह्याच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. तो नागोठण्याचा, मी अष्टमीचा. रिटायर झाल्यावर आम्ही लढाया खेळायला लागलो. अंगठ्याच्या पेराएवढे धातूचे सैनिक मागवायचे, घरी रंगवायचे आणि टेबलावर हिरवी चादर अंथरून समोरासमोर मांडायचे. किती पुढे सरकायचं ते मोजपट्टीने ठरायचं, कोण पडलं ते फाशांनी. माझे मराठे, त्याचे मोगल. फौज जमवण्यात त्याची दहा-बारा वर्षं गेली होती.

मग एका पावसाळ्यात आंबा नदी त्याच्या घरात कमरेएवढी शिरली. तो आणि वहिनी शेजाऱ्यांच्या माडीवर होते, म्हणून वाचले. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा तो फावड्याने चिखल ओढत होता. खालच्या कपाटात दोनशेच्या वर मोगल गाळात रुतले होते. घोड्यांचे पाय वाकलेले, रंगाचे पोपडे सुटलेले.

"फेकून दे रे," तो म्हणाला. "आता नाय होनार माझ्याच्यानं. हात पन थरथरतात."

मी त्याचं ऐकलं नाही. बादलीत भरून सगळे घरी आणले. बायकोने तांदळाची चाळण दिली, जुना टूथब्रश दिला. आठवडाभर मी गाळ काढत होतो. अंगरखे, घोडे मला रंगवता येतात. चेहरे मात्र कधीच जमले नाहीत. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तर नाहीच.

पेणला गणपतीच्या एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारी एक बाई होती. तिला विचारायला गेलो, तर चारी बाजूंनी मूर्ती आणि मान वर करायला सवड नाही. "विसर्जन झाल्यावर या, भाऊ," एवढंच म्हणाली.

विसर्जनानंतर, चेहरे सोडून रंगवलेले सैनिक खोक्यांत भरून घेऊन गेलो. तिने एक सैनिक तळहातावर घेतला, खूप वेळ फिरवून पाहिला.

"मूर्तीला डोळे दिले का ती आपल्याकडं बघते. यांनी कुनाकडं बघायचं?"

"समोर, ताई. समोर शत्रू असतो."

"सगळेच्या सगळे समोर? येकाला तरी घर आठवत असंल."

तिच्या कामात मी लुडबूड केली नाही. महिन्याभराने खोकी परत आली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी ती मित्राच्या टेबलावर ठेवली. तो आधी चिडला. "मी फेकायला सांगितलं होतं ना?" मग भिंग शोधून आणलं. पूर्वी त्याच्या फौजेला एकच चेहरा होता. आता प्रत्येकाची नजर वेगळी होती. कुणी घाबरलेला, कुणी पेंगुळलेला. एक भालेवाला मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी मागे बघत होता.

"हा कुठं बघतोय?"

"घराकडे. डोळे आखणाऱ्या पेणच्या बाईंचं असं म्हणणं आहे."

त्याने भिंग खाली ठेवलं आणि आत जाऊन तोंड धुऊन आला. बाहेर आल्यावर म्हणाला, "चल, पेनला जाऊ. त्या बाईला खेळ दाखवला पायजे."

पुढच्या रविवारी आम्ही सगळी फौज घेऊन गाडीने पेणला गेलो. कारखान्यात मूर्ती वाळवायच्या फळीवर चादर अंथरली. ती स्टुलावर बसून बघत राहिली. माझा पहिला फासा चांगला पडला. मित्राने आपले तीन मोगल उचलून फळीच्या कडेला आडवे ठेवले.

"मेले?" तिने विचारलं.

"व्हय," मित्र म्हणाला. "पन पुढच्या रविवारी परत उभे."

"मग खेळा," ती म्हणाली आणि स्टूल जवळ ओढलं.

त्या दिवशी मी सपाटून हरलो. ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. तिच्या बोटांवरचा काळा रंग अजून गेला नव्हता.