आत्याने कापलेली काच

सुमाआत्याने माझ्या स्पोर्ट्स बाइकची शोभा घालवली, आणि वर मरूनही गेली.

त्यामुळे तक्रार कुणाकडे नोंदवावी, हा प्रश्न आज वर्षभर प्रलंबित आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर माणसाने तीर्थयात्रेला जावं, असं घरच्यांचं मत. उज्जैनला राहणाऱ्याने आणखी कुठल्या तीर्थाला जायचं?
मी बाइक घेतली.

भानगड एकच होती. कंपनीची काच इतकी बुटकी की हायवेवर वारा थेट छातीवर. घरी पोचेपर्यंत मान म्हणजे लाकूड.

म्हणून देवास गेटजवळच्या एका दुकानात आफ्टरमार्केट विंडस्क्रीन बघायला थांबलो. बाइक तिथे सकाळीच सोडली होती. सोबत आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडून तिला रिक्षाने माधव नगरला घरी नेत होतो. म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

दुकानदाराने काचा मांडल्या. एक साधी, पारदर्शक. एक मध्येच फुगलेली, डबल बबल. आणि एक उंच, काळी कुळकुळीत, स्मोक.

"भैया, लुक तो स्मोक में ही आएगा."

मी विरघळलो.

स्टुलावरून आवाज आला. "मन्या, गाडीवर बस."

बसलो.

"भैया, काँच पकड़ो ज़रा. हां. आता सांग, रस्ता काचेवरून दिसतो की काचेतून?"

"काचेतून."

"मग नको."

"अगं आत्या, काच असते कशाला?"

"वारा अडवायला. बघायला डोळे आहेत. काचेची कड नाकाच्या खाली पाहिजे. धूळ बसली, समोरून ऊन आलं, की काचेतून काय दिसणार? डोंबल?"

दुकानदार हसला. "अम्मा, आपने गाड़ी चलाई है क्या?"

"एक बार. भोपाल तक."

आता, आमच्या घरात भोपाळची गोष्ट एकच. ती आजोबांची.

मध्य भारत गुंडाळून मध्य प्रदेश झाला तेव्हाची. तोवर आमची राजधानीसुद्धा बदलीवर असायची, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ती भोपाळला कायम झाली, शिक्षिकांच्या जागा निघाल्या आणि आत्याला मुलाखतीचं बोलावणं आलं.

नोकरी लागली नाही तर ग्वाल्हेरचं एक स्थळ तयार होतं. बिजवर, जमीनजुमला बरा, वय विचारायचं नाही.

आजोबा तिला मोटारसायकलवर घेऊन पहाटे निघाले. रेल्वे होती. पण त्यांनी नुकतीच गाडीला नवी काच बसवून घेतली होती, थेट मोटारीला शोभेल एवढी. रेल्वेत ती कुणाला दिसणार?

वाटेत त्यांना मलेरियाचा ताप भरला. तरी त्यांनी गाडी हाकली आणि लेकीला वेळेवर पोचवलं.

घरातल्या प्रत्येक लग्नात आजोबा ही गोष्ट सांगायचे. आत्या शेजारी बसून सुपारी कातरायची.

त्या दिवशी दुकानात तिने उरलेली गोष्ट सांगितली. भाजीचा भाव सांगावा तशी.

भोपाळच्या वाटेवर आष्ट्याला आजोबांनी गाडी थांबवली आणि रस्त्याकडेला आडवेच झाले. दातावर दात वाजत होते. गाडी आत्याने हातात घेतली.

"तुला चालवायला कुणी शिकवलं?"

"रोज मागे बसून काय डोळे मिटून बसत होते?"

पण आत्या आजोबांच्या खांद्यालाही लागत नव्हती. काचेवरून दिसणं अशक्य. आणि काच कसली, सेल्युलॉइडचा पत्रा, त्यावर सकाळचं ऊन समोरून.

"सगळं दूध रे. बैलगाडी आली असती तर शिंग लागल्यावर कळलं असतं."

कडुनिंबाखाली एक सुतार खाट दुरुस्त करत होता. आत्याने त्याची आरी मागून घेतली आणि काच कापायला लागली.

आजोबा तापातून उठून बसले. "सुमे! नवी काच आहे ती!"

"बाबा, तुम्हाला काच हवी की मला नोकरी?"

आजोबांनी अंगावरचं उपरणं बाजूला केलं. मग लटपटत उठले.

आणि कापताना हलू नये म्हणून त्यांनी काचेचं दुसरं टोक धरलं.

पुढे भोपाळपर्यंत ती पुढे, काष्टा घालून. आजोबा मागे, पडू नयेत म्हणून उपरण्याने तिच्या कमरेला बांधलेले.

मुलाखतीला ती धुळीने माखून उभी राहिली. नोकरी लागली. त्या पगारावर माझे वडील शिकले. ग्वाल्हेरच्या स्थळाने वाट बघणं सोडलं.

"पण आत्या, आजोबा तर सांगायचे की..."

"सांगू दे ना. काच दिली त्यांनी. म्हटलं, गोष्ट तरी त्यांच्याकडे राहू दे."

दुकानदाराला मराठी किती कळली देव जाणे. पण काच ठेवून ऐकायला बसलेला तो माणूस आता उभा राहिला होता.

मला एकदम वाटलं, हिच्यासमोर मी अजून गाडीवर बसून आहे. उतरलो.

साधी, पारदर्शक काच घेतली. कड नाकाच्या खाली.

रिक्षात चढताना आत्या म्हणाली, "आरी तेवढी राहिली रे. घाईत गाडीच्या पेटीत टाकली. तो बिचारा मागून ओरडत होता, बेटी, मेरी आरी! तिकडे गंजून गेली ती."

मग दुसरंच काही बोलायला लागली.

आज सकाळी आष्ट्याला गेलो. रस्त्यालगत सुतारकामाचं पहिलं दुकान दिसलं तिथे थांबलो आणि नवी आरी पुढे केली.

"किसकी है?"

"हमारी बुआ ले गई थीं. यहीं किसी से."

"कब?"

"मध्य प्रदेश नया-नया बना था तब."

त्याने मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग आरीच्या दातांवरून अंगठा फिरवला, ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बैठो. चाय आ रही है."

सुमाआत्या, आरी पोचती केली.

नमस्कार करतो.