कोन्सिंगचं घर उचललं तेव्हा

आमच्या किनाऱ्यावर कुणाचं घर हलवायचं ठरलं, की शेजारमंडळाची माणसं जमतात, घराखाली बांबू सरकवतात आणि खांबांवरचं ते बांबू-झावळ्यांचं अख्खं घर खांद्यावर घेऊन चालू लागतात. ज्याचं घर, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, एवढाच मोबदला. आणि घर कुणाचंही असो, आलं घातलेली कोंबडीची पेज रांधायला कोन्सिंगच लागे. हडकुळी, एकटी, तोंडाने फटकळ. "खांदा देताय की मिरवणुकीत चाललाय?" असं ओरडत ती हातात डाव घेऊन घरापुढे चालायची.

तिचं स्वतःचं घर मात्र समुद्राच्या तोंडाशी. भरतीचं पाणी शिडीला लागायला लागलं, तेव्हा मंडळाचा प्रमुख तिमोतेओ तिला म्हणाला, "मानांग, आता तुमची पाळी." मोठ्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणतात.

"माझंच घर उचललंत तर तुम्हाला पेज कोण वाढणार, तुझी सासू?" ती म्हणाली आणि विषय हसण्यावारी गेला.

आम्ही समजलो, इतक्या जणांना जेवू घालायची ऐपत नाही म्हणून लाजतेय. मग तिला न विचारताच बेत ठरला. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी तिला वेदीवरची फुलं बदलायला थांबवून घ्यायचं. तेवढ्यात माणसं घर टेकाडावर नेतील. जेवण ज्याने त्याने आपापल्या घरून आणायचं.

आम्ही दोघी परतलो. तिच्या दारापुढच्या नारळीपाशी ती थबकली. घर नव्हतं. वाळूत खांबांचे खड्डे आणि त्यांत पाणी. कोन्सिंग मटकन खाली बसली.

"अगं, बुडालं नाही! वर नेलंय. ते बघ!" मी तिला गदागदा हलवलं.

तिने वर पाहिलं. आता हसेल, असं मला वाटलं.

"तेरियो आला तर मला कुठे शोधेल?" ती म्हणाली.

तेरियो तिचा मुलगा. बारा वर्षांपूर्वी मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. त्याच्या आत्म्यासाठीच्या प्रार्थना आम्हीच म्हटल्या होत्या. ती रोज संध्याकाळी खिडकीत कंदील लावी. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांची सोय म्हणून लावते, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिमोतेओ हसत उतरून आला आणि आमचे चेहरे पाहून जागीच थांबला. मी त्याला सांगितलं.

"परत आणू, मानांग? आत्ता आणतो."

त्याचा खांदा सोलवटला होता. कोन्सिंग त्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"आधी पेज," ती उठत म्हणाली. "उपाशीपोटी घर उचलतं का कुणी, गाढवा?"

परत आणा, असं ती नंतर कधी म्हणाली नाही. संध्याकाळी कंदील घेऊन खाली आली आणि तो त्या नारळीला टांगला. दुसऱ्या दिवशी ती पोचायच्या आधीच तिमोतेओने तो लावला होता.

पुढे काही वर्षांनी कोन्सिंग वारली. नारळीही वादळात पडली. तिथे आम्ही बांबू रोवलाय. कंदिलाच्या पाळ्या मंडळात ठरल्या आहेत. मंगळवार माझा.