हामूर वर येत नाही

नवरा दूर रुवैसच्या रिफायनरीत कामाला. शनिवारी शारजाच्या घरी असला की पहाटे गळ घेऊन समुद्राच्या बंधाऱ्यावर जायचा आणि मासा घेऊनच यायचा. दर खेपेला मासा? मी रत्नागिरीची. मला माशांच्या थापा पचत नाहीत.

एकदा हामूर आणला. "लूअर वरच्यावर ठेवला, फास्ट ओढला, धपकन घेतला," म्हणाला. लूअर म्हणजे गळ लावलेला प्लास्टिकचा नकली मासा. तो वरून भराभर ओढला तर सुरमई लागेल. हामूर तळाला, दगडांच्या कपारीत बसतो. त्याला जबड्याखाली लांब पट्टी असलेला लूअर लागतो. तो खोल जातो आणि सावकाश, दगडांना घासत आणावा लागतो. नवरा आंघोळीला गेल्यावर मी त्याचा लूअरचा डबा उघडला. लांब पट्ट्यांवर एक ओरखडा नव्हता. हामूरच्या ओठालाही जखम नव्हती. पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि मला बाईशिवाय दुसरं काही सुचेना.

पुढच्या शनिवारी मी आधीच गाडीत जाऊन बसले.

"अगं, बोअर होशील."

"होऊ दे. यल्ला, चल!"

बंधाऱ्यावर बाई नव्हती. त्याने लांब पट्टीचा लूअर टाकला, बुडू दिला, ओढला आणि थांबला. पुन्हा ओढला, पुन्हा थांबला.

"थांबत थांबत ओढायचं. टेक्निक आहे."

असतंही तसं, थबकलेल्या लूअरवर मासा झडप घालतो. पण हा माशासाठी थांबत नव्हता. रिळाची मूठ त्याच्या बोटांतून सुटत होती. मी त्याचा हात धरला. तो थरथरत होता.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. आता कंपनीचं मेडिकल आहे. कळलं तर खलास. जॉब गेला, व्हिसा गेला." मासे तो बाजारातून आणत होता, घरात कळू नये म्हणून. मला रडू आलं, आणि त्याचा भयंकर रागही आला.

गळ मी घेतला. तो शेजारी बसून सांगत गेला, "अजून बुडू दे. हळू. आता थांब." दगडाची खरखर हाताला जाणवली आणि जोरात ओढ बसली. दोरीने तळवा कापला, पण हामूर वर आला.

घरी लेकीने विचारलं, "हू कॉट इट?"

"बाबांनी."

तिने माशाचा फाटलेला ओठ पाहिला, बाबांचे हात पाहिले, मग माझा तळवा.

पुढच्या शनिवारी आम्ही खाली उतरलो, तेव्हा ती गाडीत बसलेली होती.