गोळीचं हरवलेलं वजन

संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. इथे परदेशात, ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. कुणी म्हणालं, पार्ट बरोब्बर दहा मिलिमीटरचा आहे, की माझा हात आधी मायक्रोमीटरकडे जायचा. नवरा म्हणायचा, "तू देवाच्या प्रसादाचंही वजन करशील." करीन की! त्यात काय बिघडलं?

२०१५ साली आमची मुलगी चार वर्षांची होती आणि तिच्या रक्तात लोह फार कमी निघालं. पोर पांढरीफटक पडली होती, जिना चढताना मध्येच बसायची. पापाकुरातल्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध द्या आणि लाल मांस खाऊ घाला. औषध ती ओकून टाकायची. मटणाचा घास गालात धरून तासभर बसायची. त्या हिवाळ्यात मला दुसरं काही दिसतच नव्हतं. हिच्या पोटात चार घास जावेत आणि रक्त वाढावं, बस्स.

त्याच सुमारास आमच्या टूलरूममधला, म्हणजे साचे-हत्यारं घडवणाऱ्या विभागातला, एक गोरा म्हातारा माझ्याकडे खेपा घालायला लागला. साठी उलटलेला, पक्का शिकारी. त्याच्याकडे तीन रायफली होत्या. थ्री-ओ-एट, म्हणजे हलकी आणि वेगवान गोळी. थ्री-थर्टी-एट, म्हणजे जाड आणि वजनदार. आणि नाइन-पॉइंट-थ्री नावाचं जुनं जर्मन धूड. हरणांच्या अंगातून काढलेल्या गोळ्या त्याने औषधाच्या तीन बाटल्यांत, एकेका रायफलीच्या वेगळ्या, भरून आणल्या होत्या. तांब्याचं पातळ कवच, आत शिसं, आणि आपटल्यावर पुढून छत्रीसारखं उलटलेलं तोंड. "तुझ्या काट्यावर यांचं वजन कर," तो म्हणाला, "जंगलासाठी कुठलं काडतूस चांगलं, त्याचा एकदा निकाल लागू दे."

मला लगेच वाटलं, पाणी मुरतंय कुठेतरी. प्रत्येक शिकाऱ्याला आपली आवडती रायफल जिंकायला हवी असते. त्याची लाडकी थ्री-थर्टी-एट आहे, हे मी दोन मिनिटांत ओळखलं. शिवाय तिसऱ्या, नाइन-पॉइंट-थ्रीच्या बाटलीत एकच गोळी होती. का, तर ती जाड गोळी बहुतेक वेळा हरणाच्या आरपार जाते, मग सापडणार कुठून! म्हणजे ज्या अडकल्या तेवढ्याच बाटलीत आल्या, आरपार गेलेल्यांचा हिशेबच नाही. "ही कसली तुलना?" मी त्याला फैलावर घेतलं. "आणि न उडवलेल्या गोळीचं वजन किती?" तो म्हणाला, खोक्यावर छापलंय. मी म्हटलं, खोक्यावर काहीही छापतात, नव्या गोळ्या सुट्या आणून दे. तो हसला. "स्वीट ॲज," म्हणजे चालेल की, असं म्हणाला आणि गेला. त्या गोळ्या आणायला त्याला चार महिने लागले.

मधल्या काळात त्याने आम्हाला हरणाचं मांस देऊ केलं. फुकट ते पौष्टिक, असं नवरा म्हणतो. मला मात्र प्रश्न पडला, हा इतका उदार का? एका शनिवारी आम्ही त्याच्या गॅरेजवर गेलो. मागच्या पायाचे लुसलुशीत तुकडे त्याने पिशवीत भरले. पण गोळी लागलेला खांदा, चांगला मांसल, नळीच्या हाडासकट, त्याने बाजूच्या बादलीत टाकला. मी विचारलं तर म्हणाला, "तो भाग चांगला नसतो. कुत्रीसाठी आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चांगला नसतो? खांदा? आमच्याकडे खिमा खांद्याचाच करतात, आणि नळीचा रस्सा तर आजारी माणसाला मुद्दाम देतात. मला ठाम वाटलं, हा आपल्याला सुकं मांस देऊन रसरशीत भाग कुत्रीला ठेवतोय. पण "आम्हाला द्या" म्हणायला जीभ रेटेना. गोऱ्या माणसाकडे कुत्र्याचा घास मागायचा? शेवटी मी बोलून गेले, "आमच्या शेजारी एक कुत्रा आहे, त्याच्यासाठी नेऊ का?"

त्याने बादली माझ्या हातात दिली. नवऱ्याने गाडीत बसल्यावर माझ्याकडे पाहिलं. "अगं, कुठला कुत्रा?" मी म्हटलं, "तू गप्प बस आणि गाडी चालव."

काळं पडलेलं मांस मी व्हिनेगरच्या पाण्यात तीनदा धुतलं, आलं-लसूण लावलं, खिमा केला. आणि काय सांगू, पोरीने वाटी चाटून पुसून खाल्ली! मला अक्षरशः रडू आलं. मग दर पंधरा दिवसांनी खांदा येऊ लागला आणि दर रविवारी खिमा होऊ लागला. एकदा ती म्हणाली, "मम्मा, स्टोन." मी म्हटलं, "हाडाचा कण असेल गं, थुंक." सोमवारी म्हातारा तपासणी खोलीच्या दारात थांबून विचारायचा, "कुत्रा कसा आहे?" मी त्याच्याच भाषेत म्हणायची, "हीप्स बेटर," खूपच बरा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटायचं, हा मुद्दाम विचारतोय.

चार महिन्यांनी त्याने नव्या गोळ्या आणल्या. मी काटा दोनदा तपासला आणि तक्ता मांडला. थ्री-थर्टी-एटची गोळी नवी असताना साडेचौदा ग्रॅम, हरणातून निघालेली तेरा. तिची बांधणीच अशी की शिसं कवचाला घट्ट चिकटून राहतं. नाइन-पॉइंट-थ्रीची जवळजवळ सगळीच शिल्लक, पण एकाच गोळीवरून काय ठरवणार. आणि थ्री-ओ-एटची नवी गोळी पावणेदहा ग्रॅम, निघालेली पाच. जवळून मारली की वेगामुळे ती हाडावर फुटते, म्हातारा सांगत होता. त्याची लाडकी जिंकली होती. पण मी तक्त्याकडेच पाहत राहिले.

"बाकीचे पावणेपाच ग्रॅम कुठे गेले?"

"खांद्यात," तो म्हणाला. "तुला दिलेली बहुतेक हरणं हिनेच मारलेली. शिशाचा भुगा होतो. इतका बारीक की दिसतही नाही. म्हणून तर तो भाग आपण खात नाही." मग त्याने चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "इतकं जात असेल असं मला वाटलं नव्हतं गं. आजपासून माझ्या कुत्रीचंही बंद. तुझ्या शेजाऱ्याला आजच फोन कर. बिचारं मुकं जनावर."

मी काट्याच्या टेबलाला धरून उभी राहिले.

"कुत्रा नाहीये," मी म्हटलं. "माझी मुलगी खाते."

त्याने गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि मला चल म्हणाला. बालवाडीतून पोरीला घेतलं, तसेच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गोळ्यांचं मला नीट सांगता येईना, म्हणून तोही आत आला, हातात माझा तक्ता घेऊन. बाईंनी सगळं ऐकलं, रक्ताची तपासणी लिहिली आणि मग जरा कडक आवाजात विचारलं, "मांस देणाऱ्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारा म्हणाला, "माझी चूक. मी नीट समजावून सांगायला हवं होतं."

एवढं सोपं होतं ते. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण पोरगी माझ्या मांडीवर बसून त्याच्या टोपीशी खेळत होती आणि मला माझीच शिसारी आली.

"नाही," मी म्हटलं. "त्याने सांगितलं होतं. मी त्याच्याशी खोटं बोलले."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई मला उद्देशून म्हणायची. त्या माणसाचा खोक्यावरचा आकडासुद्धा मी खरा मानला नव्हता. माझा कुत्रा मात्र त्याने एकदाही तपासून पाहिला नाही, उलट दर सोमवारी त्याची चौकशी केली.

निकाल शुक्रवारी आला. सोमवारी तो नेहमीसारखा दारात थांबला, पण आत येईना.

"मुलगी कशी आहे?"

"लोह वाढलंय," मी म्हटलं. "शिसं आहे रक्तात, हवं त्यापेक्षा जास्त. बंद केल्यावर उतरेल म्हणतात. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं."

तो आत आला, माझ्या स्टुलावर बसला आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिला.