चिखलाचा चहा

मोठं माणूस समोर आलं म्हणून खाला कधी उठून उभी राहिली नाही. मुकुंदवाडीच्या आमच्या बालवाडीत ती मदतनीस होती; खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणायचे. बाई आत हजेरी घ्यायच्या आणि ही अंगणात, कोपरापर्यंत चिखलात हात घालून, पोरांच्यात बसलेली. कुणी काही विचारलंच तर म्हणायची, "जरा थांबा. लेकरू खेळायलंय."

मला तिचा भारी राग यायचा. माझी मिनू साडेतीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक होते. घरी मी तिला रोज समोर बसवून "आई म्हण, पाणी म्हण" करत भंडावून सोडायचे. बालवाडीत पाटी दिली, तर खालानं खेळात तिचा पोळपाट करून टाकला! मी तणतणत गेले आणि नको ते बोलून बसले. "तुम्हाला शिकवता येत नाही, म्हणून खेळवत बसता!" तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मनगटाला धरून मला खाली बसवलं.

"बस बेटा. तू पाव्हणी."

मिनूनं करवंटीतून चिखलाचा चहा आणला. मी लगेच सुरू, "अरे वा, शाब्बास! आता म्हण बघू, चहा." मिनूनं करवंटी मागं ओढली.

खाला कानाशी आली. "पाव्हणी हायेस ना? मग मास्तरीण कशाला झालीस? नावं ठेव की चहाला!"

नावं ठेवण्यात आमच्या माहेरचा हात कोण धरणार! मी घोट घेतल्यासारखं केलं, तोंड वाकडं केलं. "काय बाई हा चहा! साखरेचा पत्ता नाही."

मिनू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "संपली."

तिचा पहिला शब्द! मी तिला कवटाळायला हात पुढं केले. खाला मात्र ढिम्म. "संपली तर शेजारून आण," एवढंच ती मिनूला म्हणाली. मिनू उठून शेजारच्या पोरीकडं गेली.

गेल्या वर्षी खाला काम सोडून बहिणीकडं गंगापूरला निघाली. मिनू आता तिसरीत आहे, तोंड मिटता मिटत नाही. जीपपाशी मी खालाचे हात धरले. "तेव्हा तोंडाला येईल ते बोलले, माफ करा."

"माफी कसली गं," खाला म्हणाली, "तुला लहानपणी कुणी खेळूच दिलं नसंल."

तीन धाकटी भावंडं कडेवर घेऊनच मोठी झालेली मी, भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.